कुंतलची खिंड

रुक्साना परकारची बोट खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा तोलनाक्याचा काटा एकशे अठ्ठ्याण्णववर होता.

"तोलनाका, शहाण्णव माणसं घेऊन उभी आहे," रुक्सानाचा आवाज रेडिओवरून खरखरत आला. "त्यात वीस आजारी. वाट द्या."

कालिंदी धामणकरने काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. बोटीचे तीस टन धरले तर आकडा दोनशे अठ्ठावीसवर जात होता, आणि खिंडीच्या या बाजूच्या अपरांत वसाहतीच्या मंडळाचा हुकूम त्या सकाळीच आला होता. दोनशेच्या वर एक किलोही जाऊ द्यायचा नाही.

"परत फिरा," ती म्हणाली.

"परत कुठे फिरू, बाय? मागे काय चाललंय ते दिसत नाही का तुम्हाला?"

"माफ करा. परत फिरा."

मग पडद्यावरचा ठिपका हळूहळू वळला आणि आला तसा निघून गेला. कालिंदीने चहाचा पेला उचलला, तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

दंडक पट्ट्यात सात ताऱ्यांभोवती माणसं राहायला गेली होती. एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याला प्रकाशाला जायला दहा-पंधरा वर्षं लागत, पण माणसं दोन तासांत जात, कारण मध्ये खिंडी होत्या. अवकाशाला पडलेली ही आरपार भोकं. इकडच्या तोंडातून शिरायचं, तिकडच्या तोंडातून बाहेर पडायचं. पहिल्या वसाहतीत सह्याद्रीतली माणसं बरीच होती, त्यांनी त्यांना खिंड म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव सगळीकडे रुळलं.

खिंडीचा एक नियम मात्र लोकांना उशिरा कळला. ज्या तोंडातून वस्तू आत शिरते त्या तोंडाचं वजन तेवढ्याने वाढतं, आणि ज्या तोंडातून ती बाहेर पडते त्याचं तेवढ्यानेच घटतं. गेलं तेवढं परत आलं तर काही बिघडत नाही. पण वाहतूक एकाच दिशेने होत राहिली आणि एका बाजूला गेलेलं जादा वजन अडीचशे टनांच्या वर गेलं, की खिंडीचा गळा आवळला जातो आणि ती कायमची मिटते. मूलक ताऱ्याची खिंड एकतीस वर्षांपूर्वी अशीच मिटली. सहा हजार माणसं पलीकडे राहिली. त्यांत कालिंदीचे आईवडील होते. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि धाकटा भाऊ जयवंत सात वर्षांचा. दोघं शाळेसाठी मावशीकडे, अपरांतला आलेली. आईवडिलांचे रेडिओ संदेश अजून येत, पण चौदा वर्षं उशिरा.

म्हणून मग प्रत्येक खिंडीच्या तोंडाशी तोलनाका आला. दोन्ही तोंडांभोवती टंगस्टनची एकेक छोटी गोळी फिरत ठेवलेली असे. तोंडाचं वजन बदललं की गोळीच्या फेरीचा वेळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने बदले, आणि त्यावरून काटा चाले. ते वाचायचं कालिंदीचं काम. सतरा वर्षं ती ते करत होती आणि या सतरा वर्षांत तिने कुणाच्या तोंडाकडे पाहून काटा वाचला नव्हता.

आता कुंतल तारा पेटला होता. तांबडा, लहान, एरवी गरीब वाटणारा तारा. गेले तीन महिने तो एकामागून एक भडके टाकत होता. ग्रहावरच्या नव्या चौल वसाहतीतली नऊ हजार माणसं खिंडीतून अपरांतकडे निघाली. सुरुवातीला अपरांतहून दगड भरलेले मालवाहू पडाव उलट्या दिशेने जात, म्हणजे तोल राहायचा. मग अपरांतच्या मंडळाला एवढी माणसं ठेवायची कुठे याची धास्ती पडली. पडाव थांबले. आलेल्या बोटीही गोदीत अडकवून ठेवल्या, कारण बोट परत गेली तर आणखी माणसं घेऊन येणार. तोंडाने मंडळ एवढंच म्हणत होतं की खिंड सुरक्षित राहिली पाहिजे.

पलीकडे अजून चौदाशे बारा माणसं होती. जयवंत त्यांचा डॉक्टर होता.

दोन तासांनी त्याचाच आवाज आला.

"ताई, रुक्सानाच्या बोटीत यशोदा मोकाशी होती. तिचं डायलिसिसचं यंत्र इथे बंद पडलंय. तिकडे पोचली असती तर जगली असती. आत्ता बोटीतून उतरवताना गेली."

कालिंदीने चहाचा पेला बाजूला सरकवला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. जयू, दोनशेचा हुकूम आहे. मूलकचं काय झालं ते तुला..."

"मला मूलक सांगू नकोस. मीही त्याच घरातला आहे." तो थकलेला वाटला. "तू वाईट आहेस असं मी म्हणत नाहीये. पण तुला झोप कशी लागते ते मला कळत नाही."

त्याने रेडिओ बंद केला.

कालिंदीला बसवेना. तोलनाका म्हणजे एकामागे एक जोडलेले सहा लांबट डबे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आपण नियमाप्रमाणे वागलो हे तिने स्वतःला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी ती काट्यासमोर येऊन उभी राहिली, कारण हात रिकामे ठेवून उभं राहणं तिला जमत नव्हतं.

काटा दोनशे एकवर होता.

तिला वाटलं आपली नजर चुकली. सकाळपासून खिंडीतून काहीच गेलं नव्हतं. एकशे अठ्ठ्याण्णवचे दोनशे एक कसे झाले? तिने गोळीच्या फेऱ्या हाताने मोजल्या. बरोबर होत्या. मग तिने मागच्या तीन महिन्यांचे आकडे काढले आणि प्रत्येक बोटीचं वजन वजा करत गेली. दर भडक्यानंतर थोडं वजन वाढलं होतं. अर्धा टन, पाऊण टन. बोटी येत-जात होत्या तोवर ते त्यांच्या वजनात लपून गेलं होतं. आता वाहतूक थांबल्यावर ते उघडं पडलं.

तो ताऱ्याचा वारा होता. भडका उडाला की तारा जळता वायू बाहेर फेकतो. खिंडीच्या तोंडाभोवतीचं चुंबकी क्षेत्र हजारो किलोमीटरवरून नरसाळ्यासारखं तो वायू आत ओढत होतं, आणि टनामागून टन वायू अपरांतच्या बाजूला पडत होता. म्हणजे माणसं आली काय, न आली काय, काटा चढतच राहणार होता. चार दिवसांत, फार तर पाच, तो अडीचशेवर जाणार आणि खिंड आपोआप मिटणार.

जिच्यासाठी तिने ती बोट परत पाठवली, ती खिंड तशीही वाचणार नव्हती.

नाक्याचे प्रमुख प्रभाकर गावंड साठीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. तिने सगळे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, मंडळाला कळवले आणि तासाभराने उत्तर घेऊन तिच्याकडे आले.

"तज्ज्ञांची समिती येणार आहे. सहा दिवसांत."

"सहा दिवसांत खिंडच नसेल, साहेब."

"मी सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, तुमची तोलकरीण थकली असेल."

कालिंदी उठली. पुन्हा फेऱ्या मारू लागली. गावंड दारात उभे राहून तिच्याकडे पाहत होते.

"पडाव मागवा," ती म्हणाली. "दगड पाठवू."

"पडावांना कुलूप आहे. मागितले तर कळेल त्यांना."

"इथे, या बाजूला, आणखी काय वजनदार आहे? आत्ता, हाताशी?"

गावंडांनी आजूबाजूला पाहिलं. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, आणि ते दाराची चौकट धरून राहिले.

"कालिंदीबाई, नाही."

"चारशे टन आहे आपला नाका. जागा सांभाळायला इंजिनं आहेत. बाजूचे सौर पंख हलकेच आहेत, ते कापले तर गळ्यातून जाईल. इकडून तिकडे गेला की काटा दोनशेवरून खाली येऊन उणे दोनशेवर जाईल. तिकडे चौदा बोटी आहेत, म्हणजे चारशे वीस टन. सगळ्या मावतात."

"आणि हा नाका?"

"तिकडेच राहील. मी शेवटच्या बोटीने परत येईन."

"तुमचा भाऊ आहे तिकडे म्हणून..."

"हो, आहे," ती म्हणाली. "आणि आज सकाळी माझ्या शब्दावर परत गेलेली शहाण्णव माणसं आहेत. पंच्याण्णव."

गावंड आपल्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. दोन्ही तंत्रज्ञांना घेऊन ते नाक्याच्या छोट्या होडीने अपरांतला निघाले.

"मी तुम्हाला परवानगी दिलेली नाही," जाताना ते म्हणाले. "आणि थांबवलंही नाही. मला एवढंच जमतंय."

पंख कापायला सात तास लागले. काटा तोवर दोनशे दहावर गेला होता. अपरांतहून रेडिओवर हुकूम येत होते, आधी विनंतीचे, मग धमकीचे. कालिंदीने आवाज बारीक केला आणि नाका खिंडीकडे वळवला.

गळा बारा मीटरचा आणि डबा नऊ मीटरचा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर. आयुष्यात तिने कधी बोटसुद्धा हाकली नव्हती. मागचा डबा एकदा गळ्याच्या कडेजवळ इतका गेला की भिंतीचा पत्रा कण्हल्यासारखा वाजला. तिने श्वास रोखून इंजिन उलटं दाबलं. मग तारे ताणल्यासारखे झाले, पुन्हा जागेवर आले, आणि समोर कुंतल होता. फुगलेला, डागाळलेला, एका बाजूने आग ओकणारा.

तिने सर्वांत आधी काटा पाहिला. उणे एकशे नव्वद.

"नवं चौल," ती रेडिओवर म्हणाली. "तोलनाका तुमच्या बाजूला आलाय. बोटी पाठवा. सगळ्या."

मग रुक्सानाचा आवाज आला. "ही सकाळचीच बाय ना?"

"कालची. हो."

"आता परत फिरा म्हणणार नाही ना?"

"नाही."

पहिली बोट दहा तासांनी आली. मग दर दोन तासांनी एक. प्रत्येक बोट गेली की काटा तीसने वर चढे आणि मधल्या वेळात वारा त्यात थोडी भर घाली. कालिंदीने वाऱ्यासाठी वीस टन राखून ठेवले होते. ती झोपली नाही. खुर्चीत बसायची, उठायची, आकडा लिहायची, पुन्हा तोच आकडा तपासायची. दुसऱ्या दिवशी नववी बोट निघून गेल्यावर कुंतलने आजवरचा सगळ्यांत मोठा भडका टाकला.

काटा धावायला लागला. तेरावी बोट पार झाली तेव्हा तो दोनशे एकोणचाळीसवर होता.

शेवटची बोट रुक्सानाची. नाक्याला लागली तशी ती स्वतः आत आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेली. तिच्यामागून जयवंत. भाऊ-बहीण सहा वर्षांनी समोरासमोर उभे होते. त्याचे केस पिकले होते. तिला वाटलं त्याला जवळ घ्यावं, पण त्याच्या चेहऱ्यावर अजून दोन दिवसांपूर्वीचं बोलणं होतं.

"चल ताई. नव्वद माणसं बसलीयत. तू एक."

"नाही जाता येणार," ती म्हणाली. "दोनशे एकोणचाळीसवर तीस घातले तर दोनशे एकोणसत्तर होतात. आपण गळ्यात असतानाच तो मिटेल."

"मग बोट हलकी करू!" रुक्साना म्हणाली. "आसनं उपसू, पाणी ओतून देऊ."

"किती निघेल?"

रुक्सानाने मनात हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. "चार टन. ओढून ताणून पाच."

"वीस निघायला हवेत. आणि काटा चढतोय."

जयवंत भिंतीला टेकून खाली बसला. "किती वेळ आहे?"

"दोन तास. कमीच."

"रेडिओवरून माग काहीतरी. दगड, काहीही."

"भडक्यामुळे रेडिओ बंद आहे. ओरडून काय उपयोग, कुणाला ऐकूच जाणार नाही."

बोटीतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. जयवंतने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "मी रागाने बोललो होतो त्या दिवशी."

"खरंच बोलला होतास."

"खरं होतं म्हणून काय झालं. तू एकटी होतीस तिकडे."

ती त्याच्या शेजारी खाली बसली. दोनशे बेचाळीस. दोनशे चव्वेचाळीस. रुक्साना येरझाऱ्या घालत होती आणि मध्येच थांबून काचेवर कपाळ टेकत होती. तिनेच ते आधी पाहिलं.

"अगो बाय, ते काय येतंय?"

खिंडीच्या तोंडातून एक जुना, गंजका पडाव बाहेर पडत होता. तिरका, कडेला घासत, भलत्याच वेगात. हाकणाऱ्याला सवय नव्हती हे कुणीही सांगितलं असतं. कालिंदी काट्याकडे धावली. दोनशे सेहेचाळीस होता तो आकडा झपकन खाली आला. दोनशे सहा.

पडाव दगडांनी काठोकाठ भरलेला होता. त्याच्या टपावरच्या लहान खोपटातून प्रभाकर गावंड बाहेर पडले. कपाळाला खोक पडली होती.

"रेडिओ बंद झाला," ते धापा टाकत म्हणाले. "म्हणजे भडका मोठा असणार. तुमचे आकडे माझ्याकडे होते. बसून गुणाकार केला, शेवटची बोट मावत नव्हती. बोटींवर पहारा आहे. दगडांच्या पडावावर कोण पहारा ठेवणार? कुलूप तेवढं तोडलं."

"साहेब, तुम्हाला हाकता येतो?"

"आज सकाळी शिकलो."

रुक्साना हसली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं. "चला, आता मी हाकते. बसा सगळे!"

ते गळ्यात शिरले तेव्हा काटा दोनशे आठवर होता. बाहेर पडल्यावर काटा वाचायला कुणीच नव्हतं. सत्तावन्न मिनिटांनी त्यांच्या मागे खिंडीची कड एकदा निळसर चमकली, आणि जिथे तोंड होतं तिथे साधे तारे दिसू लागले. कुंतल आता तेरा प्रकाशवर्षं लांब होता.

अपरांतच्या गोदीत मंडळाची माणसं उभी होती. कालिंदी आणि गावंड दोघांनाही नोकरीवरून काढलं आणि चौकशी संपेपर्यंत ग्रह सोडायला बंदी घातली. चौकशी सात महिने चालली. समितीच्या तज्ज्ञांनी वाऱ्याचे आकडे बरोबर आहेत असं मान्य केलं. सरकारी मालमत्ता नेल्याबद्दलचा ठपका मात्र तसाच राहिला. गावंड आपल्या बहिणीच्या गावी राहायला गेले. नव्या चौलच्या माणसांना बंदराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. जयवंतने तिथेच एका कोपऱ्यात पडदा लावून दवाखाना थाटला.

पण त्याआधी, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, कालिंदी त्या शेडमध्ये गेली. आत शेकडो माणसं, गाठोडी, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. तिने जयवंतला विचारलं, "मोकाशी कोण?"

"ताई, कशाला? आता राहू दे."

"कोण ते सांग."

त्याने बोट दाखवलं. अनंत मोकाशी नव्या चौलच्या शाळेत गणित शिकवत असे. किडकिडीत, दाढी वाढलेला माणूस. शेवटच्या बोटीत तो तिच्या मागच्याच रांगेत बसला होता आणि तिला ते माहीत नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी कालिंदी धामणकर. तुमची बोट मी परत पाठवली होती."

त्याने मान वर केली. "माहीत आहे. तुमचा आवाज ओळखला मी, बोटीतच." मग म्हणाला, "तुम्ही माफ करा म्हणाला होतात. ते हुकुमात लिहिलं होतं का?"

"नाही."

"अडीचशेला मिटते ना खिंड? आमची बोट आल्यावर दोनशे अठ्ठावीस झाले असते. मी बसल्या जागी जमवून पाहिलं होतं. मावत होतो आम्ही."

"हो," ती म्हणाली. "मावत होता."

तिला पुढे सांगता आलं असतं. हुकूम, मूलक, आईवडील. तिने सांगितलं नाही.

"आत्ता मला तुमच्याशी काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "जा तुम्ही."

ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. ती थोडा वेळ शेडमध्ये राहिली, जयवंतच्या पेशंटांना रांगेत बसवलं, पाणी दिलं आणि निघाली. तिसऱ्या दिवशीही तसंच. जयवंत म्हणाला, "तो माफ नाही करणार, ताई." ती म्हणाली, "मी मागायला येत नाही." मग कशाला येतेस, असं त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिला नीट सांगताही आलं नसतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती पाण्याचं पिंप भरत होती. शेडमध्ये उकाडा होता, माणसं पेंगत होती. मोकाशी उठून तिच्याजवळ आला. हातातला पेला त्याने पिंपात बुडवला, पण पाणी प्यायला नाही.

"यशोदाला खिडकीजवळची जागा हवी होती," तो म्हणाला. "त्या बोटीत. मी म्हटलं, अगं, तू आजारी आहेस, आतल्या बाजूला झोपून राहा. ऐकेना. म्हणाली, खिंड बघायची आहे मला, एवढ्या वर्षांत एकदाही नीट पाहिली नाही."

कालिंदीने नळ बंद केला.

"शेवटी दिली का जागा?"

"दिली," तो म्हणाला. त्याने जवळची रिकामी पेटी ओढली आणि तिच्यावर बसला. मग यशोदाबद्दल सांगू लागला. कशी भांडायची, काय गायची, शाळेत त्याला डबा द्यायला येताना दरवेळी कशी दुसऱ्याच वर्गात शिरायची. कालिंदी पिंपाच्या कडेवर हात ठेवून उभ्या उभ्या ऐकत राहिली, आणि तो थांबेपर्यंत जागची हलली नाही.